बाराव्या वर्षाची चिठ्ठी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा भाऊ अकोल्याला, तो काम करायचा त्या प्रयोगशाळेच्या जिन्यात पडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. मला फोन आला तेव्हा मी अमरावतीला चहा गाळत होते.

त्या दिवसाबद्दल एवढंच. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांबद्दल, आणि ते ज्या गोष्टीमुळे लिहावं लागतं आहे ती गोष्ट इतकी फालतू आहे की मी अनेकदा कागद पुढे घेऊन परत ठेवून दिला. ती गोष्ट म्हणजे एक विदेशी मालिका. मालिकेचं नाव मी देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांचं नाव न कळल्यामुळे काही अडणार नाही.

एक जहाज आहे. ते अवकाशातून चाललं आहे आणि त्यातली माणसं राहायला जागा शोधत आहेत. पंचवीस वर्षं शोधत आहेत. अजून सापडलेली नाही. चौथ्या हंगामात जहाजावरची नकाशे काढणारी बाई काहीतरी दुरुस्त करायला बाहेर जाते, मागे दार बंद होतं, आणि ती दिसेनाशी होते. तेव्हापासून मालिका बघणाऱ्यांचा एकच धंदा आहे. ती परत कधी येणार, कशी येणार, कोणत्या दारातून येणार. हे मी एकही भाग न बघता सांगू शकत होते, कारण बारा वर्षं माझ्या घराच्या व्हरांड्यात दुसरं काही बोललं गेलं नाही.

सीझनला हंगाम म्हणणं माझ्या भावाचं. तो बियाण्यांच्या एका खाजगी प्रयोगशाळेत होता. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ओळीनं लावायचे, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि उगवलेले मोजायचे, हे त्याचं काम. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून तो रोज अकोल्याला जायचा, संध्याकाळी परत यायचा. घरात आम्ही दोघंच. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याला मालिका, मला पुस्तकं. दोघांना एकमेकांच्या छंदाबद्दल फारसा आदर नव्हता, आणि त्यावाचून आमचं नीट चाललं होतं.

त्यांच्या मंडळात पाचजण होते. माझा भाऊ. अकोल्याचा एक चष्मेवाला, जुन्या बाजारात त्याचं वडिलांच्या वेळचं दुकान. अमरावतीतले फिजिक्सचे क्लास घेणारे एक सर. परतवाड्याचा एक विमा एजंट. आणि आमच्याच कॉलनीतली घरून काम करणारी एक इंजिनीअर मुलगी, जी जगभरच्या बातम्या लॅपटॉपवर गोळा करून आणायची. पाचही जण शिकलेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण अडाणीपणाची सबब त्यांना देता येत नाही.

दर हंगामाआधी ते भाकितं करायचे. आपल्याकडे अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठला दाणा सरकला ते बघून पावसाचं न् पिकाचं सांगतात. माझ्या भावाला त्यावरून सुचलं. मातीचं एक बुटकं मडकं त्यानं आणलं. प्रत्येकानं आपलं भाकीत चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून मडक्यात टाकायचं, तोंडावर फडकं आणि फडक्याच्या कडेनं कणीक लावून बंद करायचं. हंगाम संपला की कणीक फोडून चिठ्ठ्या वाचायच्या. याला ते 'मांडणी' म्हणायचे आणि मडक्याला 'घट'. घट माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर, शब्दकोशांच्या बाजूला ठेवला जायचा. का, तर मालिका न बघणारी मी एकटीच. माझ्यावर भरवसा होता. खरं म्हणजे मला त्यात काय आहे हे बघण्याचीही इच्छा नाही, याच्यावर भरवसा होता.

मी भावाला एकदा म्हणाले होते, "शेतकरी न पडलेल्या पावसाचं भाकीत करतो. तुम्ही शूटिंग होऊन बसलेल्या गोष्टीचं करता. छापून झालेल्या पुस्तकाचं शेवटचं पान काय असेल यावर पाच माणसं डोकं खाजवत बसली तर मी त्यांना ग्रंथालयातून बाहेर काढलं असतं."

तो म्हणाला, "ताई, पण पुस्तक अजून आमच्या हातात कुठे आलंय?"

"मग येईपर्यंत गप्प बसा."

तो हसला. तो माझ्या अशा बोलण्यावर हसायचा, वाद घालायचा नाही.

निकालासाठी त्यानं एक लाँगबुक केलं होतं. प्रयोगशाळेच्या तक्त्यासारख्या पट्टीनं आखलेल्या चौकटी. दर वर्षी एक पान, पानावर पाच चौकटी, प्रत्येक चौकटीत चिकटवलेली चिठ्ठी आणि तिच्याखाली निकाल. निकालाचे शब्द दोनच. 'उगवलं' किंवा 'नाही'. अकरा वर्षांत माझ्या भावाच्या एकाही चौकटीखाली 'उगवलं' नाही. कारण अकरा वर्षं त्यानं एकच लिहिलं : ती परत येते. बाकीचे दर वर्षी नवी कल्पना लढवायचे. ती म्हातारी होऊन येईल, ती शत्रूच्या बाजूनं येईल, ती येणार नाही पण तिची मुलगी येईल. हा आपला तेच. बियाण्याच्या कामात काही दाणे उगवत नाहीत पण मेलेलेही नसतात, नुसते टणक राहतात. बोटानं दाबले तर दबत नाहीत. मेलेला दाणा दाबला की आतून चिकट निघतो. तो म्हणायचा, "ती टणक दाणा आहे. मेलेली नाही."

यंदा पंचविसावं वर्ष. रौप्यमहोत्सवी खास भाग जाहीर झाला आणि या लोकांना अक्षरशः ताप भरला. पौष महिन्यात एका रविवारी मांडणी झाली. इंजिनीअर मुलीनं लॅपटॉपवर जाहिरातीचं चित्र मोठं करून दाखवलं. कोपऱ्यात एक हातमोजा होता. तो हातमोजा त्या बाईचा की दुसऱ्या कुणाचा, यावर दीड तास. सरांनी हातमोज्याच्या शिलाईवरून तो चौथ्या हंगामातलाच आहे हे सिद्ध केलं. विमा एजंटनं ती काम करणारी नटी सध्या केस वाढवते आहे ही बातमी दिली आणि ती त्याला कुणी दिली हे विचारल्यावर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सूत्रं हायेत आपली."

"परतवाड्यात?" चष्मेवाला म्हणाला.

"काहून, परतवाडा का जगात नाई का?"

मी आत पुस्तक वाचत होते. दार उघडं होतं. मग चिठ्ठ्या लिहिण्याची वेळ आली आणि ते गप्प झाले. एक एक करून चौघांच्या चिठ्ठ्या मडक्यात पडल्या. भावाची पडेना.

"भाऊ, यवढा काय इचार करून राहिले?" विमा एजंट म्हणाला. "तुमचं त पाठ हाय. तेच लिवा अन् टाका."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला, थांबला, काहीतरी खोडल्याचा आवाज आला, परत चालला. मी मान वर करून बघितलं असतं तर मला त्याचा चेहरा दिसला असता. मी पान उलटलं. नंतर त्यानं घट आणून कपाटावर ठेवला, कणकेचे हात माझ्याच टॉवेलला पुसले, त्यावरून मी त्याला बोलले.

पाच आठवड्यांनी तो सोमवार आला.

तिसऱ्या दिवशी ते चौघे भेटायला आले. मला वाटलं होतं निदान त्या दिवशी तरी सोडतील. दहा मिनिटं ते व्हरांड्यात माना खाली घालून बसले. मी आत होते, बायकांमध्ये. मग सरांचा आवाज आला, हळू पण वर्गात शिकवल्यासारखा स्पष्ट. "आता यंदाचा घट आपण त्याच्या स्मरणार्थ उघडू."

"हो," मुलगी म्हणाली. "आणि तो भाग त्यालाच अर्पण करू."

त्या भागावर या मंडळींचा काय हक्क होता, की तो त्यांनी कुणाला अर्पण करावा? सातासमुद्रापलीकडच्या कुणीतरी केलेला कार्यक्रम हे अमरावतीच्या व्हरांड्यात बसून माझ्या भावाला अर्पण करत होते. मग हातमोजा निघाला. नवीन जाहिरात आली होती म्हणे, त्यात दुसरा हातमोजा नाही. एकच आहे. म्हणजे दुसरा तिच्या हातात. हे बोलता बोलता विमा एजंटला जोर चढला.

"माझं एकच म्हननं हाय," तो म्हणाला. "प्रेत दाखवलं नाई ना? मंग? ज्याचं प्रेत दाखवलं नाई तो जित्ता हाय. हा नियमच हाय."



मला प्रेत दाखवलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात, एका पांढऱ्या चादरीची कड उचलून, हेच का म्हणून विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. तिथे माझ्याबरोबर चष्मेवाला होता. मी गाडीनं पोचेपर्यंत दुकान बंद करून तो तिथे उभा राहिला होता. आता व्हरांड्यात तो उठला, सगळ्यांचे कप गोळा केले, मागच्या मोरीवर जाऊन धुतले आणि पालथे घालून ठेवले. विमा एजंट "माफ करजा ताई" असं काहीतरी दारातून म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या दिवशी मला त्या चौघांबद्दल जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. फक्त आता ते चौघांबद्दल नाही, तिघांबद्दल आहे.

दहाव्याला चांदूर रेल्वेहून काकू आली. माझी सख्खी काकू, ऐंशीच्या घरात, पण काम हातात घेतलं की कुणाला बसू देत नाही. घर धुतलं गेलं, अंथरुणं पांघरुणं निघाली, आणि तिनं मला विचारलं, "मातीचं काय काय हाय वं घरात?"

सुतक फिटताना घरातली मातीची भांडी टाकून देतात. जुनी रीत आहे, माझा तिच्यावर विश्वास नाही, पण त्या दिवशी विश्वास-अविश्वास करण्याइतकं बळ कुणाकडे होतं? मी खाटेवर पडून होते, भिंतीकडे तोंड करून.

"जे मातीचं असेल ते ने," मी म्हणाले.

"सगयं?"

"सगळं."

ती माझ्याच खोलीत उभी राहून विचारत होती. कपाट तिच्यासमोर होतं. मी वळून बघितलं नाही.

चैत्रात सरांचा फोन आला. खास भागाची तारीख पक्की झाली होती, आपल्याकडे तो सकाळी दिसणार होता, सगळे माझ्याकडेच जमून बघतील, चालेल ना? आणि मग तो प्रश्न. "ताई, घट सांभाळून आहे ना?"

बोलत बोलत मी कपाटाकडे बघितलं. शब्दकोशांच्या बाजूला धुळीत एक गोल होता, बाकीच्या लाकडापेक्षा स्वच्छ.

"आहे," मी म्हणाले.

का म्हणाले? मला आजही नीट सांगता येत नाही. सर लगेच माझं सांत्वन करायला लागले असते आणि त्यांचं सांत्वन मला चाललं नसतं, हे एक. आणि दुसरं असं की 'आहे' म्हणेपर्यंत, त्या एका क्षणाच्या आत, मला कळलं होतं की त्या मडक्यात माझ्या भावाच्या हातचं शेवटचं लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेत तो संगणकावर लिहायचा. घरी सामानाची यादी मी करायची. सह्या सोडल्या तर त्यानं पेनानं लिहिलेलं शेवटचं म्हणजे ती चिठ्ठी. अकरा वर्षं एकच लिहिणारा माणूस बाराव्या वर्षी थांबला होता, खोडलं होतं, परत लिहिलं होतं. त्यानं ती बाई परत येते असंच लिहिलं, की शेवटी सोडून दिलं? ज्या गोष्टीची मी बारा वर्षं टर उडवली ती मला आता कळायलाच हवी होती.

मी काकूला फोन लावला.

"ते बुटकं मडकं का? टाकलं बाप्पा. नाल्यावर नेऊन फोडलं सगयं. अन् त्यात काई कागद खडखड करत व्हते वं, मी समजली उंदरानं नेले असतील." मग माझ्या गप्प राहण्यावरून तिला काही समजलं असावं. "काहून वं पोरी? कामाचे व्हते का?"

"नाही," मी म्हणाले. एका दिवसात दुसरं खोटं. पण हे मला टोचलं नाही.

मी कॉलनीमागच्या नाल्यावर गेले. दुपारचं ऊन होतं आणि तिथे कुणी नव्हतं. काठावर खापरं होती, पुष्कळ. लाल, काळी, काहींवर शेवाळ चढलेलं, काही नवी. सगळ्या कॉलनीची माणसं याच काठावर मडकी फोडतात. मी वाकून वाकून कणीक लागलेलं खापर शोधत होते. कणीक कधीच मुंग्यांनी नेली असणार हे मला कळत होतं. एक कागद सापडला. तो कुठल्यातरी किराणा दुकानाच्या पुडीचा निघाला. एक बाई शेळ्या घेऊन आली, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काई हरपलं का बाई?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "इकडचं काई सापडत नाई," आणि पुढे गेली.

ठरलेल्या सकाळी चौघे आले. चष्मेवाला अकोल्याहून पहिल्या गाडीनं, विमा एजंट परतवाड्याहून जीपनं. येताना मुलीनं केक आणला होता. त्यावर जहाजाचं चित्र. मी तो फ्रीजमध्ये ठेवला आणि कुणी मागेपर्यंत काढला नाही. त्यांनी भावाची खुर्ची रिकामी ठेवून टीव्हीसमोर लावली. मी ती उचलून आत नेली.

"ताई, राहू द्या ना," सर म्हणाले.

"मला बसायला हवी आहे," मी म्हणाले, आणि खरंच तिच्यावर बसले. असा मी त्या मालिकेचा पहिला आणि शेवटचा भाग बघितला.

सव्वा तासाचा होता. त्यातला अर्धा वेळ जुनी दृश्यं. जहाजावरचा म्हातारा कप्तान एकेका खोलीत जातो आणि त्याला मागचं आठवतं. पैसे वाचवायची ही युक्ती मला पहिल्या दहा मिनिटांत कळली, यांना कळली नाही. हे चौघे प्रत्येक जुन्या दृश्याला "आहा" करत होते. शेवटी तो कप्तान त्या दारापाशी जातो. दारावरच्या स्पीकरच्या पेटीतून त्या बाईचा आवाज येतो, पंचवीस-तीस शब्द, जुना ठेवलेला निरोप. मग तो दार उघडतो. बाहेर काळोख आहे. कुणी नाही. तो उभा राहतो आणि भाग संपतो.

नाइलाजानं कबूल करते की मला शेवट वाईट वाटला नाही. दार उघडून त्यांनी दाखवलं की बाहेर कुणी नाही. एवढ्या धैर्याची अपेक्षा मी त्यांच्याकडून धरली नव्हती. पण खोलीत कुणाच्या लक्षात ते आलंच नाही.

"आली!" विमा एजंट ओरडला. "म्या म्हनलं व्हतं!"

"आली कुठे? आवाज आला," मुलगी म्हणाली.

"आवाज कोनाचा हाय? तिचाच ना? मंग आली."

सर म्हणाले की त्यांनी नेमकं 'दार उघडतं पण कुणी येत नाही' असं लिहिलं आहे. मुलगी म्हणाली तिनं 'रेकॉर्डेड मेसेज' लिहिलंय, अगदी हेच शब्द. विमा एजंट म्हणाला, कप्तानाच्या आठवणींबद्दल त्यानंही लिहिलंय. तीन महिन्यांपूर्वी हातमोज्यावर दीड तास घालवणाऱ्या या तिघांनी शेवट अचूक ओळखला होता. मग तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि सर म्हणाले, "आणा ताई. घट आणा."

मी सांगितलं. घट दहाव्याला फुटला, नाल्यावर. मी फोनवर खोटं बोलले. चिठ्ठ्या नाहीत.

मग जे झालं ते मला अपेक्षित असायला हवं होतं. चिठ्ठ्या नाहीत म्हटल्यावर तिघांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसलं, हे खरं. पण त्याच्या मागोमाग, अगदी पाठोपाठ, सुटल्यासारखंही काही आलं. आता आपण म्हणू ते खरं.

सर म्हणाले, "हरकत नाही. सगळ्यांना आठवतंय ना? लाँगबुक आणा, आठवून भरू." त्यांनी स्वतःच ते भावाच्या टेबलावरून आणलं. यंदाचं पान त्यानं आधीच आखून ठेवलं होतं. पाच चौकटी, प्रत्येकीखाली निकालाची ओळ. सरांनी खिशातून पेन काढलं.

"आधी त्याची भरू," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. "दादाचं कधीच बरोबर आलं नाही हो ताई. अकरा वर्षं. यंदा त्याचं बरोबर लिहू या."

"बरोबरच होतं त्याचं," सर म्हणाले. "मला बोलला होता तो. या वेळी बदललं म्हणाला. दार उघडतं, ती येत नाही, असं."

"तुमाले कधी बोलले?" विमा एजंट म्हणाला. "मले त म्हने तेच लिवलं. तेच त बरोबर निघालं. आवाज आला म्हंजे..."

"अरे, तो खोडत होता तेव्हा मी समोर होतो."

"म्या बी व्हतो!"

माझ्या भावाच्या चिठ्ठीवरून ते भांडत होते. दोघांनाही ती माहीत नव्हती. दोघांनीही आपल्या भाकिताला सोयीचं जे होतं ते त्याच्या हातात दिलं होतं. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले, खोटे संदर्भ देणारे प्राध्यापकही पुष्कळ बघितले, पण मेलेल्या माणसाच्या तोंडी स्वतःचं वाक्य घालताना इतका सहज चेहरा मी बघितला नव्हता.

चष्मेवाला या सगळ्यात गप्प होता. मांडणीच्या दिवशी तो भावाच्या अगदी बाजूला बसला होता, हे मला आठवलं. मी त्याला विचारलं. "तुम्ही बाजूला होतात. काय लिहिलं त्यानं?"

"मी नाई पाह्यलं, ताई."

"इतक्या जवळून?"

"दिसत व्हतं. मी पाह्यलं नाई."

"काहून?" विमा एजंट म्हणाला. "नजर गेलीच असन ना यार."

"त्यायची चिठ्ठी व्हती ना," चष्मेवाला म्हणाला. "कायले पाहू?"

मला त्या क्षणी त्याचा राग आला, हे लिहिलं पाहिजे. जगात एकच माणूस मला ते सांगू शकत होता आणि त्यानं सभ्यपणा करून ते घालवलं होतं. नंतर कळलं की त्यानं बघितलं असतं आणि सांगितलं असतं, तर मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नसता.

सरांनी लाँगबुक पुढे ओढलं आणि भावाच्या चौकटीवर पेन टेकवलं. मी ते लाँगबुक त्यांच्या हाताखालून काढून घेतलं.

"तो चुकीचा असेल तर चुकीचा राहू द्या," मी म्हणाले. "तो गेल्यावर त्याला बरोबर ठरवू नका."

"ताई, आमचा हेतू..."

"हेतू ठाऊक आहे. लिहायचं नाही."

सर दुखावले. मुलगी रडली. विमा एजंटनं घड्याळ बघितलं, जीप निघेल म्हणाला. केक त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी तो मी गल्लीतल्या मुलांना वाटला. तिघे गेले. ते आता दुसरीकडे जमतात असं कळतं. पुढच्या हंगामासाठी त्यांनी मोबाइलवर काहीतरी सोय केली आहे, त्यात चिठ्ठी हरवत नाही.

चष्मेवाला चपला घालताना थांबला. गाडीला वेळ होता.

"ताई, माही लिवून घ्या."

"काय?"

"माही चौकट. म्या लिवलं व्हतं का ते वापस येते, दरवाज्यातून, चालत." तो जरा हसला. "म्या म्हटलं, ग्यारा साल भाऊ एकटेच हारून राहिले, यंदा त्यायच्या संगं हारू. गलत निघालं. तसं लिवा."

"आवाज आला, म्हणतात ते लोक."

"आवाज म्हंजे येनं नाई ताई," तो म्हणाला. "आपन पाह्यलं ना अकोल्याले."

मी त्याच्यासमोर लिहिलं. ती परत येते. खाली, निकालाच्या ओळीवर : नाही. त्यानं चष्मा वर करून ते वाचलं, मान हलवली आणि गाडीला गेला.

लाँगबुक आता माझ्या कपाटावर आहे, शब्दकोशांच्या बाजूला. धुळीतला गोल मी पुसून टाकला. शेवटच्या पानावर पाच चौकटी आहेत. एक भरलेली आहे, ती माझ्या अक्षरात. चार रिकाम्या आहेत. त्यांतली पहिली माझ्या भावाची आहे. त्यानं काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही.